हजेरीची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पगार हा शब्द मूळचा मराठी नाही. तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपल्यात इतका मुरला की त्याचं परकेपण आता कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ देणं, चुकतं करणं. तनखा फारसी. तन म्हणजे शरीर, त्याला जे हवं ते तनखा. मजूर फारसी, हजेरी आणि मुकादम अरबी, मस्टर इंग्रजी. वेतन संस्कृत आहे खरं, पण ते सरकारी कागदाबाहेर फारसं पाऊल टाकत नाही. खाडा हा शब्द मात्र मला अस्सल घरचा वाटतो. देण्याघेण्याचे बहुतेक शब्द आपण बाहेरून आणले आणि कापण्याचा तेवढा घरी ठेवला, असं मी मित्रांना गमतीनं सांगतो.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बीए. पगारपत्रकाशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या एका मित्राचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळेच्या वह्या, मधूनच एखादा कवितासंग्रह. मी तिथे मुद्रितं तपासायला जात असे. एके दिवशी तो म्हणाला, "भाऊ, तू शब्दातली चूक धरतोस, तर आकड्यातलीही धरशील." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बावीस माणसांचं पगारपत्रक माझ्याकडे आलं. आज त्या पगारपत्रकाचीच गोष्ट सांगायची आहे. पण ती सांगायची तर आधी थोडं मागे जावं लागेल.

आमचे अब्बा जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. वऱ्हाडात कापूस आणि मजूर ही जोडी जुनी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि तिकडच्या गिरण्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. १८६७मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. रुळाच्या कडेने जिनं उभी राहिली, गठाणी बांधणारे हात गावागावांतून शहरात आले. मी लहान असताना सावतराम मिल राष्ट्रीयीकरण होऊन सरकारची झालेली होती. ते १९७४ साल. जिनिंगवाले मात्र हंगामी. दिवाळीनंतर काम सुरू, उन्हाळा लागला की हात रिकामे.

अब्बांना वाचता येत नव्हतं. पगाराच्या दिवशी मुनीम वही उघडायचा, नाव पुकारायचा आणि एका दमात म्हणायचा, "खाडे इतके, उचल इतकी, बाकी इतकी, लाव अंगठा." १९७८च्या सुमाराला एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. चौथीत होतो, नुकतं वाचायचं वेड लागलं होतं. अब्बा अंगठा लावत होते आणि मी त्यांच्या कोपराखालून वही वाचली. त्या महिन्यात अब्बा एकही दिवस घरी राहिले नव्हते आणि वहीत तीन खाडे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "अब्बा, इथे तीन लिहिलेत." मुनिमानं माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. चिडून नाही, शांतपणे. घरी येताना अब्बा काही बोलले नाहीत. पुढच्या पगाराला मला घरीच ठेवलं.

ती मिटलेली वही माझ्या डोक्यात राहिली. पुढे कळलं की हे भांडण आपल्या घरापेक्षा बरंच जुनं आहे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. ती १८९०मध्ये मान्य झाली आणि आज आपण ही पुरवणी सुट्टीच्या दिवशी वाचतो आहोत ती त्याच कृपेने. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिची आठवण कुणी काढत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी मिळावा! यावरून तो केव्हा मिळत असेल याचा अंदाज करा. पगार थकवला की कामगार सोडून जात नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे १९२९मध्ये सरकारनं कामगारांच्या स्थितीवर रॉयल कमिशन नेमलं. व्हिटले कमिशन म्हणून ते ओळखलं जातं. १९३१च्या त्याच्या अहवालात पगारातला उशीर आणि मनमानी दंड यांची दखल होती. त्यातून १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार, त्याहून जास्त असतील तर दहा. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको, तोही नोंदवहीत लिहून, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हिताला लावायचा. त्या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं. कायद्याचा सारांश कारखान्यात लावायचा तो इंग्रजीत, आणि शिवाय तिथल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेत. म्हणजे वही कामगाराला वाचता आली पाहिजे, हा विचार १९३६मध्येच कुणीतरी करून ठेवला होता. अब्बांच्या जिनिंगमध्ये तो फलक होता की नाही, मला आठवत नाही. असता तरी अब्बांना तो वाचता आला नसता.

संगणकाचा आणि पगाराचा संबंधही असाच जुना आहे. आपल्याला वाटतं संगणक म्हणजे अणुबाँब आणि चांद्रयान. पण धंद्याच्या कामाला लागलेला पहिला संगणक लंडनमधल्या एका चहा-केकवाल्या कंपनीचा होता. लायन्स तिचं नाव, संगणकाचं नाव लिओ. १९५१मध्ये त्यानं बेकरीचे हिशेब सुरू केले आणि दोन-तीन वर्षांत कामगारांचे पगार काढायला लागला. कसलेल्या कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद, असं सांगतात. आपल्याकडे साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक यायचा म्हटल्यावर कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. त्या विरोधाला आता सगळे हसतात. मी हसत नाही. त्यांना नोकरीची भीती होती हे खरं, पण हिशेब डोळ्यांसमोरून उठून एका पेटीत जाणार, ही भीती काही खोटी नव्हती.

ती किती खरी होती हे मला जठारपेठेत कळलं.

२००९मध्ये मित्रानं एका विक्रेत्याकडून पगारपत्रकाचा प्रोग्रॅम घेतला. विंडोज एक्सपीचा संगणक, त्याला मागे एक छोटं कुलूप लावायचं. ते कुलूप नसेल तर प्रोग्रॅम उघडायचा नाही. काम छान चाललं. माझी आकडेमोड वाचली. हजेरीचे कागद आम्ही महिना संपला की रद्दीत टाकू लागलो, कारण सगळं आत होतंच.

८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल थांबवली. त्याच पावसाळ्यात संगणकात व्हायरस शिरला, शिवाय ते मागचं कुलूपही खराब झालं. विक्रेत्याला फोन लावला तर दुकान बंद, फोन बंद. माहितीची फाइल आमच्याच संगणकात, आमच्याच माणसांची, पण ती उघडायची किल्ली कुणाकडेच नाही. पाच वर्षांच्या हजेऱ्या तिच्यात.

आणि नेमके तेव्हाच आमचे बाइंडरकाका निवृत्त व्हायचे होते. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. छापखान्यात त्यांना एकोणीस वर्षं झालेली. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं गणित सोपं आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. काकांचा पगार ७,८०० रुपये. दिवसाचे ३०० झाले, पंधरा दिवसांचे ४,५००, एकोणीस वर्षांचे ८५,५००. त्यांच्या घरात एवढी रक्कम एकत्र कधी आली नव्हती. पण वर्षाची नोकरी अखंड धरायची तर साधारणपणे त्या वर्षात २४० दिवस काम दाखवावं लागतं. काका मधली दोन वर्षं दम्यानं आजारी असायचे. त्या वर्षांत दिवस भरले की नाही? मित्र प्रामाणिक, पण त्याचा भागीदार म्हणाला, "पुरावा दाखवा, देऊन टाकू." पुरावा त्या पेटीत.

कायदा इथे एक चमत्कारिक खेळ करत होता. पगाराच्या नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जपा, असं तो तेव्हा सांगत होता, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र सगळ्या हयातीचा मागत होता. २००९च्या आधीची मस्टरं माळ्यावर सापडली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण आकडे मधोमध असल्यामुळे वाचले. प्रश्न राहिला तो संगणकातल्या पाच वर्षांचा, आणि आजाराची दोन वर्षं त्यातच होती.

तिसऱ्या दिवशी काका एक पिशवी घेऊन आले. तिच्यात कालनिर्णय होती. सहा वर्षांची, दोऱ्यानं बांधलेली. आपल्याकडे कालनिर्णयवर काय लिहीत नाहीत? दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, भिशी कुणाची लागली. काकूंनी दुधाच्या बरोबरीनं काकांची हजेरीही लिहिली होती. कामाला गेले त्या तारखेला बारीक टिंब, गेले नाहीत तिथे फुली, अर्धा दिवस असेल तर आडवी रेघ. काकू तिसरी शिकलेल्या. आम्ही तिघं जण जमिनीवर बसून टिंबं मोजत गेलो. आजारपणाच्या पहिल्या वर्षी २५१ भरले. दुसऱ्या वर्षी २४३. भागीदारानं स्वतः पुन्हा मोजले, पावसाळ्याच्या एका पानावर जरा थांबला, आणि चेकबुक काढलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. अब्बांकडे असं एखादं कॅलेंडर असतं तर, हे मनातून जाईना.

आता लिनक्सकडे येतो. माझा भाचा तेव्हा अमरावतीला इंजिनीअरिंग शिकत होता. म्हणाला, "मामू, नवा संगणक घेऊ नका. याच डब्यात लिनक्स टाकतो." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी यंत्रणा. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये असा विचार मांडला की प्रोग्रॅम ज्याच्याकडे आहे त्याला तो उघडून पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे. १९९१मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं या यंत्रणेचा गाभा लिहिला. इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द आहे त्याचे मोकळं आणि फुकट असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून त्यांना सारखं समजावून सांगावं लागतं. मराठीत ती अडचण नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं.

लिनक्स तासाभरात बसलं. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम शोधायला मात्र पाच महिने गेले. जमाखर्चाला जीएनयूकॅश मिळालं. चांगलं आहे, पण त्यात पगार दिल्याची नोंद करता येते, पगार काढता येत नाही. टॅली हे नाव सगळ्यांच्या तोंडी. १९८६मध्ये बंगळूरला गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेलं, पुढे त्यात पगारही आला, पण ते विंडोजवरचं. परदेशी प्रोग्रॅम बरेच दिसले. अमेरिकेचा कर अगदी अचूक कापायचे. आमच्या बायंडिंगच्या बायकांना त्याचा काय उपयोग?

या शोधात मला एक गोष्ट उमगली. जगात मुक्त प्रोग्रॅमांचा एवढा सुकाळ असताना पगारपत्रकाचाच दुष्काळ का? कारण पगारपत्रक हे गणित नाहीच. गणित चौथीचं आहे. पगारपत्रक म्हणजे त्या त्या गावचा कायदा. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के कामगाराचे. मालकाच्या बारातले आठ पूर्णांक तेहतीस शतांश पेन्शनला, आणि तेही सप्टेंबर २०१४पासून पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंत. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरातच कापायचा. आणि आपला व्यवसाय कर पाहा. ठरावीक मर्यादेवर पगार असला की दरमहा दोनशे, फक्त फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार होतात. फिनलंडच्या विद्यार्थ्याला फेब्रुवारीतले हे तीनशे स्वप्नात तरी सुचतील का? बरं, हा कर १९७५मध्ये महाराष्ट्रानं बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम. पगारपत्रकातल्या त्या एका बारीक रकान्यात एवढी मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती "पीटी" म्हणून मोकळे होतो.

शेवटी आम्ही दोन टप्प्यांत गेलो. आधी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे साध्या तक्त्यात, भाच्यानं आणि मी मिळून पत्रक बांधलं. हजेरीचं एक पान, दरांचं दुसरं, पगाराचं तिसरं. दर बदलला की एकाच ठिकाणी बदलायचा. दोन वर्षं ते निभलं. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलला जी फाइल द्यावी लागते ती साध्या अक्षरांची असते, दोन रकान्यांमध्ये ठरावीक खुणा घातलेली, त्यामुळे ती लिनक्सवरून बिनबोभाट जायची. डिजिटल सहीचं यंत्र मात्र लिनक्सला काही केल्या ओळखेना. त्यासाठी मित्राच्या मुलाचा लॅपटॉप मागून आणत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

खरा घोळ नावांचा. आमच्या छापखान्यात चार शेख. इंग्रजीत कुणाच्या आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, निधीच्या खात्यात तिसरं. एका अक्षरासाठी माणसाचा पैसा अडकतो. मराठीत चौघेही शेखच, काही भानगड नाही!

मग कळलं की ज्याच्यासाठी जग पालथं घातलं ते मुंबईत आहे. रुशभ मेहता या तरुणाला घरच्या फर्निचरच्या धंद्यात असल्या प्रोग्रॅमांचा अनुभव आला होता. त्यांनी २००८मध्ये फ्रॅपे ही कंपनी काढली. तिचं ईआरपीनेक्स्ट पूर्ण मुक्त परवान्याचं, लिनक्सवर चालणारं, आणि त्यात पगारपत्रकही. २०२२मध्ये त्यांनी माणसांचा आणि पगाराचा भाग फ्रॅपे एचआर म्हणून वेगळा केला. बावीस माणसांच्या छापखान्याला ते जरा मोठंच पडतं, अंगापेक्षा बोंगा म्हणतात तसं. बसवताना भाच्याच्या चार रात्री गेल्या आणि फेब्रुवारीचे तीनशे आम्हालाच शिकवावे लागले. पण शिकवता आले. कुठल्या सूत्रानं किती कापलं हे उघडून पाहता येतं, आणि सगळी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढता येते. दर महिन्याला मी ती काढतो आणि छापून बांधून ठेवतो. भाचा हसतो. हसू दे.

मराठीचा प्रश्न राहिला होता. लिनक्सवर आज मराठी सहज उमटते, त्यामागे थोड्या लोकांचे पुष्कळ कष्ट आहेत. इंडलिनक्स नावानं काही मंडळींनी शतक बदलताना हे काम हाती घेतलं. रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातल्या लोकांनी लोहित नावाच्या मुक्त टंकांची निगा राखली, पडद्यावरचे शब्द मराठीत आणले. त्यांतले काही शब्द मला कवी म्हणून पटत नाहीत, पण तो वाद वेगळा. आमची पगाराची चिठ्ठी लोहितमध्ये निघते. वर नाव, खाली भरलेले दिवस, खाडे, कापलेले पैसे, हाती आलेले पैसे. वेतन, कपात, निव्वळ देय असं काही मी लिहू दिलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९३६चा तो वेतन प्रदान कायदा आणि १९७२चा ग्रॅच्युइटीचा, दोन्ही त्यांत सामावले गेले. वेतन कशाला म्हणायचं हेच बदललं. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्याचा परिणाम निधीवर, ग्रॅच्युइटीवर, सगळीकडे. भाचा आता पुण्याला असतो. आम्ही फोनवर बोलत सूत्र बदललं. विक्रेत्याची वाट पाहावी लागली नाही, याचंच मला अप्रूप.

चिठ्ठी वाटायला सुरुवात केली त्या महिन्यात बायंडिंगमधली एक बाई दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणि घडी घातलेलं कालनिर्णयचं पान घेऊन माझ्या टेबलाशी आली. काकांची गोष्ट छापखान्यात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाली होती. म्हणाली, "भाऊ, बारा तारखेचा खाडा कायचा लावला? बारा तारखेले मी कामावर होती."

मी हजेरी उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिनं बोट ठेवून ओळ वाचली. बारा तारखेला शाळेच्या वह्यांची घाई होती, सगळ्यांना रात्री उशीर झाला होता. मी तिच्या शेजारच्या ओळीतली फुली तिच्या ओळीत टाकली होती.

"हाव ना?" ती म्हणाली.

होती. मी खाडा काढला आणि तिला नवी चिठ्ठी छापून दिली.